चावी फिरवण्याआधी

(तरुण संघ व शब्बाथ शाळेचा वरिष्ठ वर्ग यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा उद्देश : गाडीत भलतेच इंधन पडले तर काय होते, ते का होते आणि अशा वेळी काय करावे हे समजून घेणे, तसेच झालेली चूक तत्काळ सांगण्याचे आणि सांगणाऱ्याचे ऐकून घेण्याचे मोल ओळखणे.



पेट्रोलपंपावरचा विषय ह्या पानावर कशाला, असे काहींना वाटेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एखादे तरी वाहन उभे असते. कोणी वृद्ध सभासदांना उपासनेला आणतो, कोणी मुलांना शाळेत पोहोचवतो, कोणी शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन आजाऱ्याला दवाखान्यात नेतो. गाडी चालवणारे बहुधा आपल्या वर्गातलेच तरुण असतात. तेव्हा ज्या चुकीने चांगली गाडी पाच मिनिटांत निकामी होऊ शकते, ती चूक त्यांना ठाऊक असणे बरे. शिवाय ह्या चुकीत एक असा धडा आहे की, तो गाडी नसलेल्यांच्याही उपयोगी पडेल.

१. घडलेली हकीकत

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझी वहिनी शस्त्रक्रियेसाठी मिरजेला होती. तिला घरी आणण्यासाठी आम्ही तिघे बेळगावहून पहाटेच निघालो : माझे थोरले बंधू, त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा आणि मी. घरची गाडी लहान व पेट्रोलवर चालणारी. वहिनीला मागच्या बाकावर आडवे होता यावे म्हणून शेजारच्या गुरुजींनी आपली जीप दिली होती. निघताना "डिझेलची आहे हं, बाळ," असे त्यांनी माझ्या पुतण्याला सांगितलेही होते.

संकेश्वर ओलांडल्यावर पुतण्याने एका पंपावर जीप उभी केली. बंधू व मी चहाच्या टपरीकडे गेलो. पंपावरच्या मुलाने "किती?" असे विचारले आणि ह्याने सवयीप्रमाणे "हजाराचं" एवढेच उत्तर दिले. कशाचे, हे त्याने विचारले नाही आणि ह्याने सांगितले नाही. चारेक लिटर गेल्यावर पुतण्याचे लक्ष यंत्रावरच्या अक्षरांकडे गेले. जीपमध्ये पेट्रोल पडत होते! त्याने भरणे थांबवले. पंपावरचा मुलगाही घाबरला. तेवढ्यात कोणीतरी शहाणपण सुचवले, "वरून डिझेल टाका, त्यात मिसळून जाईल." तसे करण्यात आले. आम्ही चहा घेऊन परतलो तेव्हा पुतण्या चाकावर बसलेला होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण आईच्या काळजीने असेल, असे मला वाटले. त्याने चावी फिरवली आणि जीप सुरू झाली.

दहाबारा किलोमीटर काहीच झाले नाही. नळ्यांत व फिल्टरमध्ये आधीचे डिझेल उरले होते, त्यावर ती धावली. मग ती आचके देऊ लागली. इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला, मागून पांढरा धूर निघाला आणि चिकोडीच्या अलीकडे एका चढावर जीप बंद पडली. बंधू म्हणाले, "पुन्हा मार." मुलाने चावी फिरवली. "पुन्हा मार." त्याने पुन्हा फिरवली. असे पाचसहा वेळा झाले. शेवटी बंधू उतरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागले, तेव्हा पुतण्या माझ्या कानाशी म्हणाला, "काका, टाकीत पेट्रोल पडलंय."

"मग पंपावरच का नाही बोललास?"

तो खाली पाहत म्हणाला, "बाबा होते ना."

चिकोडीहून मेस्त्री आला. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "पंपावरच थांबला असता तर टाकी रिकामी करून, फिल्टर बदलून दोनतीन तासांत गाडी दिली असती. आता पंप आणि इंजेक्टर उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही." पुढे पंप व इंजेक्टर दोन्ही बदलावे लागले. गुरुजींची जीप दहा दिवस गॅरेजात राहिली आणि खर्चाचा आकडा पाहून बंधूंना भिशीचे पैसे मोडावे लागले. आम्ही दुसरी गाडी भाड्याने केली, पण तोवर दुपार टळली होती. वहिनी बोचके बांधून सकाळपासून बाकावर बसून होती. तिला टाक्यांचे दुखणे होते आणि आम्हांला काय झाले असेल ह्याची धास्तीही.

आता ह्या हकीकतीतले एकेक अंग आपण नीट पाहू.

२. दोन इंजिने, दोन स्वभाव

पेट्रोल व डिझेल ही दोन्ही खनिज तेलापासून निघतात आणि दोन्ही जळतात. मग एकाच्या जागी दुसरे का चालत नाही? ह्याचे उत्तर इंजिनाच्या घडणीत आहे.

आजच्या पेट्रोल इंजिनाचे मूळ जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली बनवलेल्या इंजिनात आहे. ह्यात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण नळकांड्यात घेतले जाते. पिस्टन ते मिश्रण साधारण दहा पटींनी दाबतो आणि मग प्लगमधून विजेची ठिणगी पडते. त्या ठिणगीसरशी मिश्रण पेटते. म्हणून पेट्रोलने दोन गोष्टी केल्या पाहिजेत : त्याची वाफ झटकन झाली पाहिजे, आणि ठिणगी पडेपर्यंत दाबाखाली असूनही त्याने पेटता कामा नये. जे पेट्रोल अधिक दाब सहन करून थांबते, ते चांगले समजले जाते. पंपावर आपण ऑक्टेन हा शब्द ऐकतो, तो ह्याच गुणाचे माप होय.

रुडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) यांनी निराळा मार्ग धरला. त्यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. त्यात ठिणगी नाही. ह्या पद्धतीच्या इंजिनात नळकांड्यात केवळ हवा घेऊन ती साधारण पंधरा ते वीस पटींनी दाबली जाते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण अनुभवलेले आहे. येथे तर हवा इतकी दाबली जाते की, तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. म्हणून डिझेलने वाट न पाहता ताबडतोब पेटले पाहिजे. डिझेलच्या ह्या गुणाचे माप म्हणजे सीटेन.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की, येथे एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष आहे. थांबणे हे पेट्रोलचे काम, तत्काळ पेटणे हे डिझेलचे काम. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. जागा बदलली की दोन्ही निरुपयोगी.

३. डिझेलच्या गाडीत पेट्रोल

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. तिचे कारण केवळ पेटण्याशी नाही, वंगणाशी आहे.

डिझेल थोडे तेलकट असते. बोटांवर घेतले तर ते बुळबुळीत लागते. हा तेलकटपणा इंजिनाला अत्यंत जरुरीचा आहे, कारण डिझेल पुढे ढकलणारा उच्च दाबाचा पंप व फवारा मारणारे इंजेक्टर ह्यांच्या आतल्या भागांना त्याच डिझेलचे वंगण मिळते. त्या भागांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पटींपर्यंत जातो.

अशा जागी पेट्रोल गेले की ते वंगणाचा थर धुऊन काढते. मग धातूवर धातू घासू लागतो. त्यातून लोखंडाचा बारीक कीस निघतो, तो इंधनाबरोबर नळ्यांतून पुढे जातो आणि इंजेक्टरच्या सुईएवढ्या छिद्रांत अडकतो. म्हणजे एका भागाचा बिघाड सगळ्या साखळीत पसरतो. चढावर आमच्या मुलाने जितक्या वेळा चावी फिरवली, तितक्या वेळा हे विष एकेक पाऊल पुढे सरकत होते.

"वरून डिझेल टाका" हा सल्ला कोठून आला असेल? जुन्या काळच्या साध्या डिझेल इंजिनांना थोडी भेसळ सोसत असे. थंड देशांत हिवाळ्यात डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडे पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याची रीतही होती. तो अनुभव तोंडोतोंडी उरला, इंजिने मात्र बदलली. आजच्या डिझेल गाडीला हा उपाय मुळीच लागू नाही. जुना सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो आजच्या गाडीला चालतो की नाही, हे विचारून घ्यावे.

ही चूक सहज होण्याचे आणखी एक कारण आहे. पेट्रोलच्या नळीचे तोंड बहुधा बारीक असते, त्यामुळे ते डिझेलच्या टाकीत विनासायास शिरते. उलटपक्षी डिझेलच्या नळीचे जाड तोंड अनेक पेट्रोल गाड्यांत आत जात नाही. परंतु ह्यावर विसंबू नये. प्रत्येक पंपावर व प्रत्येक गाडीत तसे असतेच असे नाही.

४. इतर अदलाबदली

(अ) पेट्रोलच्या गाडीत डिझेल. डिझेलची वाफ सहज होत नाही, म्हणून ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. प्लग काजळून ओले होतात, दाट धूर निघतो, इंजिन अडखळते आणि बंद पडते. येथे नुकसान सहसा कमी असते. टाकी व नळ्या साफ करून, प्लग पुसून किंवा बदलून गाडी बहुधा मार्गी लागते. तरीही गाडी रेटून चालवू नये, कारण धुरांड्याच्या नळीतील धूर शुद्ध करणारा भाग त्याने खराब होतो.

(आ) दुचाकी. आपल्यातील वडीलधाऱ्यांना जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर व लुना आठवत असतील. त्यांच्या पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे, कारण त्या इंजिनाला दुसरे वंगण नव्हते. घाईत कोणी तेलाविना नुसते पेट्रोल भरले तर काही अंतरावर पिस्टन तापून जाम होई. योग्य इंधनातूनही त्याचा सोबती वगळला तर काय होते, हे ती पिढी पंपावरच शिकली.

(इ) निळ्या झाकणाची टाकी. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. तेव्हापासून पुष्कळ डिझेल गाड्यांना दुसरी एक लहान टाकी असते. तिच्यात युरियाचे द्रावण घालतात. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया व बाकी शुद्ध पाणी असते. हे इंधन नव्हे. ते धुरात सोडले जाते आणि त्यातील विषारी वायूंचे प्रमाण कमी करते. ह्या टाकीचे झाकण बहुधा निळे असते व ती डिझेलच्या झाकणाशेजारीच असू शकते. द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले तर पंप व इंजेक्टर गंजतात आणि युरियाचे खडे जमतात. डिझेल त्या लहान टाकीत पडले तर तिचा पंप व रबरी भाग बिघडतात. दोन्ही प्रसंगी नियम तोच : चावी फिरवू नये.

५. चूक झालीच तर

ह्या सूचना वर्गात मोठ्याने वाचून घ्याव्यात.

पहिली. चावीला हात लावू नका. खिडकीची काच वर करण्यासाठीही चावी अर्धी फिरवू नका. पुष्कळ गाड्यांत तेवढ्याने टाकीतला पंप सुरू होतो आणि इंधन पुढे सरकते. टाकीत पडलेले भलते इंधन टाकीत आहे तोवर ते केवळ चुकीच्या जागी असलेले द्रव्य आहे. चावी फिरली की ते नुकसान होते.

दुसरी. लगेच मोठ्याने सांगा. पंपावरच्या माणसांना, गाडीतल्यांना आणि गाडी दुसऱ्याची असल्यास मालकाला फोन करून. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत कडेला घ्या.

तिसरी. मेस्त्रीला बोलावून तीन गोष्टी सांगा : कोणते इंधन पडले, अंदाजे किती पडले, आणि गाडी सुरू केली होती की नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे द्या. त्यावरच तो काय काय उघडायचे हे ठरवतो. पंपाची पावती जपून ठेवा.

चौथी. रबरी नळी तोंडाने ओढून टाकी रिकामी करू नका. आपल्याकडे ही वाईट सवय फार आहे. पेट्रोलचा एक घोट फुप्फुसात गेला तरी जिवावर बेतू शकते. कोणी गिळलेच तर त्याला उलटी करायला लावू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते. सरळ दवाखान्यात न्या.

पाचवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचते. म्हणून जवळपास बिडीकाडी, चूल, दिवा काही नको. काढलेले मिश्रण गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आणि "वाया कशाला घालवायचे" म्हणून ते घरच्या स्टोव्हमध्ये तर कधीही घालू नका. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल म्हणजे भडका.

सहावी. गाडी आधीच सुरू होऊन धावत असेल तर सुरक्षित जागा पाहून ताबडतोब कडेला उभी करा, इंजिन बंद करा आणि पुन्हा सुरू करून पाहू नका. दुसऱ्या गाडीने ओढून न्या. "गॅरेजपर्यंत जाईल" हा मोह महाग पडतो.

चूक होऊच नये म्हणून काय करावे? पंपावर गाडीतून खाली उतरावे. आधी इंधनाचे नाव उच्चारावे, मग रक्कम सांगावी. "डिझेल, हजाराचं." यंत्रावर शून्य आहे ना हे आपण पाहतोच, त्याच वेळी यंत्रावरचे नावही वाचावे. नळीच्या रंगावर भरवसा ठेवू नये; रंग सर्व पंपांवर सारखे नसतात. मागून आणलेल्या किंवा भाड्याच्या गाडीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस इंधनाचे नाव लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर लिहावे.

६. सांगणारा आणि ऐकणारा

आता हकीकतीच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. माझ्या पुतण्याला चूक कळली होती, आणि ती चावी फिरवण्याच्या आधी कळली होती. त्या क्षणी उपाय स्वस्त होता. मग तो का बोलला नाही? तो खोटारडा मुलगा नव्हे. पण आठवडाभरापूर्वीच घरच्या गाडीला फाटकाचा ओरखडा आला म्हणून बंधूंनी त्याला चारचौघांत पुष्कळ बोलले होते. बोलण्याची किंमत त्याला ठाऊक होती. न बोलण्याची ठाऊक नव्हती. चूक त्याच्या हातून झाली खरी, परंतु तिचे नुकसानात रूपांतर करण्यात आम्हां मोठ्यांचाही हात होता. बंधूंचा धाक होता, आणि मी तो धाक पाहूनही कधी मध्ये पडलो नव्हतो.

ह्या ठिकाणी विमानाच्या दुनियेतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. बॉब हूव्हर (१९२२–२०१६) हे अमेरिकेतील नामांकित वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात ते लढले, नवी विमाने तपासून पाहण्याचे काम त्यांनी केले आणि हवाई कसरतींसाठी ते जगभर प्रसिद्ध झाले. एकदा कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळून त्यांनी आपले दोन इंजिनांचे श्राइक कमांडर विमान उडवले. विमानात आणखी माणसे होती. विमान जमीन सोडून थोडेसे वर गेले आणि दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. हूव्हर यांनी मोठ्या कौशल्याने विमान खाली उतरवले. विमानाची मोडतोड झाली, पण सगळ्यांचे प्राण वाचले.

कारण काय होते? ती इंजिने पेट्रोलवर चालणारी होती, आणि इंधन भरणाऱ्या तरुणाने टाक्यांत जेट विमानाचे इंधन भरले होते. जेटचे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलच्या जातीचे तेल. आमची जीप दहाबारा किलोमीटर धावली, तसेच विमानानेही जमीन सोडेपर्यंत दगा दिला नाही.

हूव्हर विमानतळावर परत आले. तो तरुण तेथे होता. आपण तीन माणसांच्या मरणाला कारण झालो असतो, ह्या विचाराने तो पार खचला होता. हूव्हर यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला सांगितले की, ही चूक तुझ्याकडून पुन्हा कधी होणार नाही, ह्याची मला खात्री आहे. म्हणून उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भर.

पण हूव्हर तेवढ्यावर थांबले नाहीत, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. माणसाला क्षमा केली तरी चुकीची वाट उघडी ठेवता येत नाही. पुढे जेट इंधनाच्या नळीला चपटे व रुंद तोंड बसवण्याची आणि पेट्रोल विमानांच्या टाकीचे तोंड अरुंद करण्याची पद्धत आली. एकाचे तोंड दुसऱ्यात शिरूच नये, अशी ती योजना. ह्या कामासाठी हूव्हर यांनी पुढाकार घेतला आणि त्या तोंडाला आजही हूव्हर नोझल असेच म्हणतात.

म्हणजे येथे दोन गोष्टी जोडीने झाल्या : चुकलेल्याला जवळ केले, आणि पुढच्याचा हात चुकू नये अशी सोय केली. आपण घरात बहुधा ह्याच्या उलट करतो. चुकलेल्याला दूर लोटतो आणि सोय काहीच करत नाही.

७. चूक आणि लबाडी

क्षमेच्या ह्या गोष्टीचा कोणी भलता अर्थ घेऊ नये, म्हणून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गाडीत भलते इंधन दोन तऱ्हांनी पडते. एक चुकीने, दुसरे लोभाने. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळून विकणे ही दुसरी तऱ्हा. शिधापत्रिकेवरचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला जात असे, तरीही हा धंदा चालला. रॉकेलमध्ये डिझेलइतका तेलकटपणा नसतो, म्हणून गाडीचे आयुष्य नकळत घटते आणि मालकाला कारण कधी कळतच नाही.

हा लोभ किती दूर जातो, हे आपल्या जवळच घडले आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या चोरीचा व भेसळीचा प्रकार पाहून तो अडवला. तेथील लोकांनी त्यांना जिवंत जाळले. त्यापूर्वी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी भेसळीबद्दल एका पंपावर कारवाई केली होती. त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ज्यांनी सांगायचे ते सांगितले आणि करायचे ते केले, त्यांनी प्राण दिले.

म्हणून चूक कबूल करणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा, आणि लबाडीपुढे मान तुकवू नये. पेट्रोलचा संशय आला तर पंपावर फिल्टर कागद मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल उडून जाते व डाग उरत नाही. डाग राहिला तर पुढील तपासणीचा आग्रह धरावा. हे विचारण्यात संकोच कसला?

८. पुढे काय झाले

जीप दुरुस्त होऊन आली तेव्हा पुतण्या स्वतः गुरुजींकडे चावी द्यायला गेला. बरोबर येतो असे मी म्हटले, पण त्याने नको म्हटले. गुरुजींनी त्याला बसवले, चहा दिला आणि म्हणाले, "गाडी काय, दुरुस्त झाली. पुढल्या वेळी मला तिथूनच फोन कर. रागावलो तरी फोनवरच रागावेन ना!"

बंधूंनी मुलाची माफी मागितली असे मी सांगणार नाही. त्यांचा तो स्वभाव नव्हे. पण पुढच्या शनिवारी ते रंगाची लहान डबी घेऊन अंगणात बसले आणि गुरुजींच्या जीपच्या झाकणाच्या आत पांढऱ्या अक्षरांत "डिझेल" असे लिहिले. मग घरच्या गाडीवर "पेट्रोल". झाल्यावर त्यांनी घरच्या गाडीची चावी मुलापुढे धरली आणि म्हणाले, "जा, टाकी भरून आण. आणि काही झालं तर आधी मला सांग."

शिक्षकांसाठी

वर्गात पेट्रोल अथवा डिझेल आणू नये. वंगणाचा मुद्दा समजावण्यासाठी एका वाटीत पाणी व दुसऱ्या वाटीत खोबरेल तेल घ्यावे. मुलांनी आधी कोरडी, मग पाण्याने भिजवलेली, मग तेल लावलेली बोटे एकमेकांवर घासून फरक सांगावा. त्यानंतर तेलाच्या बोटांवर साबणाचे पाणी ओतून ती पुन्हा घासायला सांगावे. पंपाच्या आत पेट्रोल काय करते, हे त्यांना बोटांनीच कळेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. पेट्रोलचा कोणता गुण डिझेल इंजिनात दोष ठरतो? का?

२. भलते इंधन पडल्यावर जीप लगेच बंद का पडली नाही? चूक केल्यावर लगेच काही झाले नाही, म्हणून ती मुरली असे मानण्याचे प्रसंग आपल्या अनुभवात आहेत काय?

३. "वरून डिझेल टाका" हा सल्ला देणारा वाईट माणूस होता काय? त्याचा सल्ला का चुकला?

४. पुतण्या बोलला नाही, ह्याची जबाबदारी कोणाकोणाकडे जाते? आपल्या घरात लहानांना चूक सांगण्याची भीती वाटते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी लहानांकडून ऐकावे.

५. हूव्हर यांनी त्या तरुणाला क्षमा केली, आणि नळीचे तोंडही बदलावे म्हणून झटले. ह्यांपैकी एकच गोष्ट केली असती तर काय उणे राहिले असते?

गृहपाठ : ह्या आठवड्यात घरच्या किंवा शेजारच्या एका गाडीचे झाकण मालकाच्या परवानगीने उघडून पाहा. आत इंधनाचे नाव नसेल, तर ते ठळक अक्षरांत लिहून द्या.